गरिबी मोजणारा कारखानदार : सीबोम राउंट्री

मागच्या वर्षीची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी दारिद्र्य हा विषय शिकवीत होतो. फळ्यावर श्रीमंत देशांतील बालदारिद्र्याचा एक छोटा तक्ता लिहिला होता. युनिसेफने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातून तो घेतला होता. आइसलँड ४.७ टक्के, फिनलंड ५.३, जर्मनी ८.५, ब्रिटन १२.१, जपान १४.९ आणि अमेरिका २३.१. मी खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने शंका काढली. ज्या देशात साधा मजूरही मोटारीने कामावर जातो, तिथे दर चार-पाच मुलांमागे एक मूल गरीब कसे, असे त्याचे म्हणणे होते. या लोकांनी आपल्याकडची गरिबी बघितलेली दिसत नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. वर्ग हसला. मीही हसलो. मग पुस्तकातील सापेक्ष दारिद्र्याची व्याख्या मी सांगितली, मुलांनी ती वहीत उतरवून घेतली आणि तास संपला.

व्याख्या दिली म्हणजे शंका फिटली असे होत नाही, हे घरी जाताना मला जाणवत राहिले. गरीब कोणाला म्हणायचे हे शेवटी एक रेषा ठरवते. ती रेषा कोणी तरी, कधी तरी, कोठे तरी हाताने ओढलेली असते. पहिल्यांदा ती कोणी ओढली, आणि ओढताना त्याच्या मनात काय होते, हे मला ठाऊक असायला हवे होते. परीक्षेपुरते ठाऊक होते. नाव सीबोम राउंट्री, गाव यॉर्क, साल १८९९. एवढ्यावर मी वीस वर्षे शिकवीत आलो होतो. त्या सुट्टीत ग्रंथालयातून या माणसाविषयीची पुस्तके घरी नेली आणि पहिल्यांदाच त्याचे चरित्र नीट वाचले. ते विद्यार्थ्यांना सांगावे म्हणून हा लेख.

* * *

बेंजामिन सीबोम राउंट्री यांचा जन्म ७ जुलै १८७१ रोजी उत्तर इंग्लंडमधील यॉर्क या जुन्या तटबंदीच्या शहरात झाला. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथाचे लोक साधे राहत, दारूला शिवत नसत, युद्धाला विरोध करीत आणि व्यवहारात चोख म्हणून प्रसिद्ध होते. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारे त्यांना दीर्घकाळ बंद होती. त्यामुळे त्यांच्यातील हुशार माणसे व्यापारात शिरली. दारूला पर्याय म्हणून कोको विकणारी इंग्लंडमधील तीन मोठी घराणी, फ्राय, कॅडबरी आणि राउंट्री, तिन्ही क्वेकरच होती, हे कॅडबरीचे चॉकलेट खाणाऱ्या आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही. राउंट्रींच्या कारखान्यातून १९३५ साली बाहेर पडलेली एक चॉकलेटची वडी पुढे किटकॅट या नावाने जगभर गेली. तो कारखाना १९८८ साली नेस्ले कंपनीकडे गेला.

सीबोम यांचे वडील जोसेफ राउंट्री हे नुसते कारखानदार नव्हते. तरुणपणी, १८६० नंतरच्या दशकात, त्यांनी इंग्लंडमधील निर्धन लोकांविषयी आकडेवारी गोळा करून निबंध लिहिले होते. म्हणजे घरात कोकोच्या वासाबरोबर आकड्यांचीही सवय होती. मुलगा क्वेकरांच्या बूथम शाळेत शिकला, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १८८९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कारखान्यात रुजू झाला.

रविवारी ते कामगारांच्या प्रौढ शाळेत शिकवायला जात. दर आठवड्याला समोर बसणारी ही माणसे कशी राहतात, घरी गेल्यावर काय खातात, हे त्यांना त्या शाळेत कळू लागले. १८९५ साली ते न्यूकॅसलला गेले आणि तेथील गलिच्छ वस्त्या पाहून अस्वस्थ होऊन परतले. त्याच सुमारास चार्ल्स बूथ या जहाजमालकाची लंडनविषयीची मोठी पाहणी प्रसिद्ध होत होती. लंडनमधील तीस टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असा बूथ यांचा निष्कर्ष होता. पुष्कळांनी तो लंडनचा दोष मानला. एवढे मोठे शहर, तिथे असे चालायचेच, ही त्यांची समजूत. राउंट्रींना प्रश्न पडला की यॉर्कसारख्या मध्यम, नीटनेटक्या शहरात काय स्थिती असेल? तर्क करीत बसण्यापेक्षा घरोघर जाऊन पाहावे, असे त्यांनी ठरविले.

* * *

१८९९ साली पाहणी झाली. एक पगारी पाहणीदार आणि काही स्वयंसेवक यॉर्कच्या मजूरवस्तीत एकेका दारावर गेले. नमुना म्हणून काही घरे निवडण्याची शास्त्रीय पद्धत तेव्हा रूढ नव्हती, म्हणून सगळीच घरे घेतली. ११,५६० कुटुंबे आणि ४६,७५४ माणसे. शहराची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास होती. म्हणजे शहराच्या जवळजवळ दोनतृतीयांश माणसांची नोंद त्यांच्या वह्यांत झाली. घरात किती खोल्या, किती माणसे, कमावते किती, भाडे किती, नळ किती घरांत मिळून एक, असा सगळा तपशील.

यापुढचे काम अवघड होते. अमुक कुटुंब गरीब आहे असे म्हणायचे तर कशावरून? बूथ यांनी तो निर्णय बराचसा पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडला होता. राउंट्री रसायनशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ ॲटवॉटर यांचे आहारावरील संशोधन घेतले आणि काम करणाऱ्या पुरुषाला, स्त्रीला, निरनिराळ्या वयाच्या मुलांना किती उष्मांक आणि किती प्रथिने लागतात ते मांडले. मग ती गरज भागविणारे स्वस्तात स्वस्त अन्न कोणते ते पाहिले. त्या काळी निराधारांना सरकारी वर्कहाउसमध्ये ठेवीत. राउंट्रींनी ठरविलेला आहार त्या वर्कहाउसच्या आहारापेक्षाही हलका होता. त्यात ताजे मांस नव्हतेच. आई, बाप आणि तीन मुले यांच्या कुटुंबाला आठवड्याला अन्नासाठी १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्यासाठी ४ शिलिंग आणि कपडे, सरपण, दिवाबत्ती व बाकी सर्व मिळून ४ शिलिंग ११ पेन्स. एकूण २१ शिलिंग ८ पेन्स. ही त्यांची दारिद्र्यरेषा.

रेषा इतकी कडक का आखली? आपल्यावर अतिशयोक्तीचा आरोप करायला कोणाला जागाच राहू नये, म्हणून. आणि तिचा अर्थ वाचकाला नीट कळावा म्हणून या रेषेवर जगणाऱ्या कुटुंबाला काय काय करता येणार नाही याची एक यादी त्यांनी पुस्तकात दिली. ती वाचताना मी थांबलो. अशा कुटुंबाला आगगाडीचे किंवा बसचे भाडे खर्चता येणार नाही, वर्तमानपत्र घेता येणार नाही. परगावी असलेल्या मुलांना पत्र पाठवायला टपालखर्च करता येणार नाही. चर्चला वर्गणी देता येणार नाही, शेजाऱ्याला मदत करता येणार नाही. बापाला तंबाखू नाही, आईला स्वतःसाठी सुंदर कपडा नाही. आणि मुलांना बाहुली, गोट्या, गोळ्या घ्यायला एक पैसा मिळणार नाही. यांपैकी एक जरी गोष्ट केली तरी तेवढे पैसे अन्नातून वजा होणार. गोट्या घ्यायच्या तर पोटाला चिमटा घेऊनच.

यॉर्कमध्ये अकुशल मजुराला आठवड्याला १८ ते २१ शिलिंग मिळत. म्हणजे तीन मुलांचा बाप कितीही निर्व्यसनी, कितीही काटकसरी असला तरी रेषेच्या वर येऊच शकत नव्हता. गरीब माणूस आपल्या आळसाने आणि व्यसनाने गरीब राहतो, ही त्या काळच्या प्रतिष्ठितांची ठाम समजूत होती. राउंट्रींच्या वजाबाकीने तिला धक्का दिला. या रेषेच्या खाली असलेल्यांना त्यांनी प्राथमिक दारिद्र्यातील लोक म्हटले. त्यांची संख्या ७,२३०, शहराच्या ९.९१ टक्के. त्यांच्या दारिद्र्याच्या कारणांत निम्म्याहून अधिक वाटा, ५१.९६ टक्के, नुसत्या अपुऱ्या मजुरीचा होता. काम नसल्यामुळे गरीब झालेले फार थोडे होते. बहुतेक जण रोज कामावर जाऊन गरीब होते. मजुरी देणाऱ्यांमध्ये राउंट्री स्वतः होते, हे विसरता येत नाही. शहरातील एका मोठ्या कारखान्याच्या मालकाच्या मुलाने हा हिशेब छापला होता.

याशिवाय आणखी १७.९३ टक्के लोकांचे उत्पन्न रेषेच्या वर होते, पण घर उघड्या दैन्याचे होते. त्याला त्यांनी दुय्यम दारिद्र्य म्हटले. ते मात्र पाहणीदाराच्या नजरेने ठरविले होते, आणि टीकाकारांनी त्यावर पुढे बरेच बोट ठेवले. दोन्ही मिळून २७.८४ टक्के. लंडनचा आकडा आणि यॉर्कचा आकडा जवळपास सारखा निघाला.

* * *

या पुस्तकात मला सर्वांत मोलाचे वाटले ते मुलांविषयीचे. राउंट्रींनी शाळेतील मुलांची उंची आणि वजन मोजून घेतले. तेरा वर्षांचा अत्यंत गरीब वस्तीतील मुलगा चांगल्या स्थितीतील मजुराच्या त्याच वयाच्या मुलापेक्षा सरासरीने साडेतीन इंच बुटका भरला. सर्वांत गरीब भागात जन्मलेल्या दर चार बालकांपैकी जवळजवळ एक पहिला वाढदिवस पाहत नव्हते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दारिद्र्याचे चक्र. पाहणीच्या दिवशी जे गरीब दिसले तेवढेच गरीब, असे समजू नये, हे राउंट्रींनी दाखवून दिले. मजुराच्या आयुष्यात तंगीचे तीन काळ येतात. पहिला तो लहान असताना, भावंडे कमावती होईपर्यंत. मग तो स्वतः कमावू लागतो, दोन पैसे हाती राहतात. लग्न होऊन दोन-तीन मुले झाली की दुसरा काळ. ती मोठी होऊन कमावू लागली की पुन्हा थोडा आराम. आणि हातपाय थकले की तिसरा. नीट पाहिले तर ध्यानात येईल की पहिला आणि दुसरा हे दोन्ही काळ मुलांचेच आहेत. बाप तंगीत असतो तेव्हाच त्याची मुले लहान असतात. त्यामुळे कोणत्याही समाजात मोठ्यांच्या मानाने मुलांत दारिद्र्य अधिक आढळण्याचा संभव असतो, आणि ज्या वयात हाड वाढायचे त्याच वयात ते आढळते. श्रीमंत देशांतील बालदारिद्र्याची आज वेगळी मोजदाद होते, तिचे मूळ या चक्रात आहे.

पुस्तक १९०१ साली लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच साली, त्याच लंडनमध्ये, आपल्या दादाभाई नौरोजींचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील मोठा ग्रंथही बाहेर पडला. दादाभाईंनी त्यापूर्वीच, १८७० नंतरच्या दशकात, हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये धरून त्याची तुलना तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी केली होती. एकाने कैद्याचे ताट घेतले, दुसऱ्याने वर्कहाउसचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविलेला एक प्राध्यापक आणि यॉर्कचा एक कोकोवाला यांना गरिबी मोजायची एकच युक्ती सुचली, याचे मला नवल वाटले आणि थोडा अभिमानही.

तरुण विन्स्टन चर्चिल यांच्यावर राउंट्रींच्या पुस्तकाचा खोल ठसा उमटला. लॉइड जॉर्ज तर पुढे राउंट्रींचे स्नेही झाले. गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याची मुभा देणारा १९०६ चा कायदा, शाळांतील वैद्यकीय तपासणी, १९०८ चे वार्धक्यवेतन, हे सर्व काही एका पुस्तकाने झाले नाही. पण ज्या वातावरणात ते झाले ते तयार करण्यात यॉर्कच्या त्या वह्यांचा वाटा मोठा होता.

* * *

कारखान्यात त्यांनी काय केले, तेही थोडक्यात सांगतो. १९०६ साली कामगारांना निवृत्तिवेतन, १९१९ साली ४४ तासांचा पाच दिवसांचा आठवडा व कामगारांची मंडळे, १९२३ साली नफ्यात वाटा. पहिल्या महायुद्धात दारूगोळा खात्यातील कामगारकल्याणाचे काम लॉइड जॉर्ज यांनी त्यांच्यावर सोपविले. युद्धविरोधी क्वेकराने ते कसे पत्करले असेल, हा प्रश्न मनात येतोच. १९२३ ते १९४१ ते कंपनीचे अध्यक्ष होते.

दुसऱ्या देशाशी तुलना करण्याचे मोलही त्यांनी लवकर ओळखले होते. बेल्जियममध्ये जमिनीची वाटणी, शेती आणि मजुरांचे राहणीमान कसे आहे, याचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि १९१० साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याचे घर बघितले की आपल्या घरातील गैरसोय नशिबाची नसून रचनेची आहे हे कळते. देशांच्या तुलनेचा खरा उपयोग मला हाच वाटतो.

यॉर्कला मात्र ते पुन्हा पुन्हा परतत राहिले. दुसरी पाहणी १९३६ ची. वय पासष्ट. या वेळी त्यांनी जुनी रेषा बाजूला ठेवली आणि नवी आखली. पाच माणसांच्या कुटुंबाला, घरभाडे सोडून, आठवड्याला ४३ शिलिंग ६ पेन्स. नुसती महागाई धरून ही रक्कम फुगविलेली नव्हती. सदतीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टी यादीतून खोडल्या होत्या त्यांतील काही त्यांनी आता आत घेतल्या. वर्तमानपत्र, रेडिओ, थोडी तंबाखू, मुलांसाठी किरकोळ खर्च. नव्या मापाने मजूरवर्गातील ३१.१ टक्के लोक गरीब ठरले. जुन्या कडक मापाने मोजले असते तर तेच प्रमाण १८९९ च्या १५.४६ वरून ६.८ वर आले होते. म्हणजे गरिबी कमी झाली की नाही, याचे उत्तर कोणती पट्टी हाती घेता यावर होते. राउंट्रींनी दोन्ही उत्तरे छापली.

आणि पुन्हा मुले. नव्या मापाने मजूरवर्गातील एक वर्षाच्या आतील निम्म्याहून अधिक बालके दारिद्र्यात होती. मोठ्यांपेक्षा तान्ह्यांचे प्रमाण कितीतरी अधिक. चक्राचा सिद्धांत चाळीस वर्षांनी पुन्हा खरा ठरला. मजुरी ठरविताना बायकामुले किती ते कारखाना पाहत नाही, तेव्हा मोठ्या कुटुंबांना सरकारने मुलांमागे भत्ता द्यावा, असे ते १९१८ पासून मांडीत होते. एलिनॉर रॅथबोन या बाईंनी तर त्यासाठी अर्धे आयुष्य वेचले. दुसऱ्या महायुद्धात बेव्हरिज यांनी सामाजिक सुरक्षिततेची योजना आखली तेव्हा निर्वाहाचा हिशेब करताना राउंट्रींचा सल्ला घेतला. १९४५ साली कायदा झाला आणि १९४६ पासून इंग्लंडमधील प्रत्येक कुटुंबाला पहिले मूल वगळून पुढच्या दर मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले.

तिसरी पाहणी १९५० ची. वय एकोणऐंशी. दर नऊ घरांमागे एक घर घेऊन, लॅव्हर्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ती केली. निष्कर्ष आनंदाचा होता. मजूरवर्गातील केवळ २.७७ टक्के लोक गरीब, आणि तेही मुख्यतः म्हातारपणामुळे. इंग्लंडातून दारिद्र्य हटले, असा गाजावाजा झाला. ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, एकेकाळचे पंतप्रधान डिझरेली यांच्या ह्यूएंडन येथील जुन्या घरात राहत असताना, राउंट्री यांचे निधन झाले. आपण मोजायला घेतलेली गोष्ट जवळजवळ संपली, असे समाधान त्यांना वाटले असले तर त्यात नवल नाही.

* * *

ते समाधान खरे नव्हते. १९६५ साली एबल-स्मिथ आणि टाउन्सेंड या दोन अभ्यासकांनी सरकारी आकडेवारी तपासून दाखविले की १९६० साली ब्रिटनमध्ये सुमारे ७५ लाख लोक दारिद्र्यात होते, आणि त्यांत वीस लाखांहून अधिक मुले होती. १९५० च्या पाहणीचे उरलेले कागद १९८० च्या सुमारास पुन्हा तपासण्यात आले तेव्हा त्या पाहणीतही गरिबी कमी दिसली होती, असे आढळले. राउंट्रींची चूक झाली. पण ती पकडण्याचे साधन त्यांनीच देऊन ठेवले होते. रेषा समाजाबरोबर सरकली पाहिजे, हे १९३६ सालीच त्यांनी करून दाखविले होते. टाउन्सेंड यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात तेच तत्त्व पूर्ण केले. आपल्या समाजात जे सर्रास चालते त्यात भाग घेता येत नाही तो गरीब, असे त्यांनी मानले.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तेथील सरकारी खात्यात काम करणाऱ्या मॉली ओर्शान्स्की या बाईंनी १९६३ साली गरीब मुलांविषयी लेख लिहिला आणि स्वस्त आहाराच्या खर्चाची तिप्पट अशी दारिद्र्यरेषा सुचविली. सरकारने ती उचलली आणि पुढे केवळ महागाईप्रमाणे वाढवीत नेली. समाज श्रीमंत होत गेला, रेषा १९६३ च्या संसारातच राहिली. युरोपात मात्र देशातील सर्व लोकांना उत्पन्नाच्या क्रमाने उभे करायचे, अगदी मधल्या माणसाचे उत्पन्न घ्यायचे आणि त्याच्या निम्म्याहून किंवा साठ टक्क्यांहून कमी असणाऱ्याला गरीब धरायचे, ही रीत पडली. युनिसेफच्या माझ्या तक्त्यातील आकडे निम्म्याच्या रेषेचे होते.

आपल्याकडे १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा विचार केला तेव्हा २,२५० उष्मांकांचा आहार हा पाया घेतला. आपल्या देशाच्या त्या वेळच्या स्थितीत तो योग्यच होता. आधी पोट, मग गोट्या. पण पोटाची रेषा हीच गरिबीची एकमेव रेषा, अशी आपली समजूत होऊन बसली, आणि म्हणूनच आमचा वर्ग हसला.

सरकत्या रेषेतही खोट आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच २०१२ च्या अहवालात हंगेरीतील बालदारिद्र्य १०.३ टक्के म्हणजे ब्रिटनपेक्षा कमी आहे. पण हंगेरीतील मधला माणूसच ब्रिटनच्या मानाने गरीब. म्हणून युनिसेफने दुसरे मापही दिले. मुलाला लागणाऱ्या चौदा गोष्टींची यादी केली आणि त्यांतील दोन किंवा अधिक गोष्टी ज्याला मिळत नाहीत तो वंचित धरला. त्या मापाने ब्रिटनमध्ये ५.५ टक्के मुले वंचित निघाली आणि हंगेरीत ३१.९ टक्के. एकच मूल, दोन पट्ट्या, दोन निकाल. देशांचे क्रमांक वाचताना पट्टी कोणती, हे आधी विचारावे.

त्या चौदा गोष्टी मी वाचल्या. तीन वेळचे जेवण आणि ताजी फळे आहेतच. शिवाय अंगाला येणारे काही नवे कपडे, चपला-बुटांचे दोन जोड, अभ्यासाला शांत जागा, वयाला साजेशी पुस्तके, घरात खेळायचे खेळ, मित्राला घरी बोलावून खाऊ घालण्याची सोय, वाढदिवस, आणि शाळेच्या सहलीचे पैसे. १९०१ साली राउंट्रींनी ज्या गोट्या आणि जे गाडीभाडे खेदाने खोडले होते ते शंभर वर्षांनी यादीत येऊन बसले होते.

हे प्रमाण देवाने ठरविलेले नसते, याचा पुरावाही अलीकडचाच आहे. अमेरिकेने २०२१ साली मुलांमागचा करसवलतीचा भत्ता तात्पुरता वाढविला आणि गरीब आईबापांच्या हातीही तो पूर्ण दिला. सरकारी मदत हिशेबात धरणाऱ्या तेथील पूरक मापानुसार बालदारिद्र्य त्या साली ५.२ टक्क्यांवर उतरले. वाढीव भत्ता बंद झाला आणि २०२२ साली ते १२.४ टक्क्यांवर गेले. एका वर्षात मुले बदलली नव्हती, आईबापांचे कष्टही बदलले नव्हते.

* * *

आता थोडे स्वतःविषयी. मी दहावीत असताना वर्गाचा फोटो काढायचा ठरला. प्रत्येकी आठ रुपये. माझे वडील एका दुकानात हिशेब लिहीत. आम्ही उपाशी कधी नव्हतो. दोन वेळ भाकरी-आमटी असे, सणाला पुरणही शिजे. उष्मांकांच्या कोणत्याही रेषेच्या आम्ही वरच भरलो असतो. पण महिनाअखेर होती आणि आठ रुपये मागायचा मला धीर झाला नाही. फोटोच्या दिवशी ताप आल्याचे सांगून मी घरी राहिलो. तो फोटो पुढे शाळेत कितीतरी वर्षे भिंतीवर होता. आपण त्यात का नाही, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही.

दुसऱ्या सत्रात मी राउंट्रींची ही सर्व हकिकत त्याच वर्गाला सांगितली. मग प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि नाव न घालता लिहायला सांगितले की कोणती गोष्ट नसली तर शाळेत किंवा कॉलेजात आपण इतरांबरोबर आहोत असे वाटत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचल्या. धान्य एकाही चिठ्ठीत नव्हते. गॅदरिंगला घालायचा ड्रेस होता, मोबाइलचा रिचार्ज होता, वाढदिवसाला वर्गात वाटायच्या गोळ्या होत्या. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर सहलीची वर्गणी होती. मागच्या बाकावरून शंका काढणाऱ्याने काय लिहिले ते मला माहीत नाही, आणि शोधण्याचा प्रयत्नही मी केला नाही.

आमच्या विभागाची सहल दरवर्षी निघते. वर्गणी भरणाऱ्यांच्या नावांची यादी मी गेली वीस वर्षे सूचनाफलकावर लावीत आलो. हिशेब उघड असावा, एवढाच त्यात हेतू होता. ज्यांची नावे त्या यादीत नसत ते फलकासमोरून कसे जात असतील, याचा विचार कधी मनात आला नाही. मला तर तो यायला हवा होता. यंदा यादी लावली नाही. विभागातील आम्ही चौघांनी थोडे पैसे बाजूला काढले, आणि कोणाचे किती आले हे मी कोणाला विचारले नाही. यंदा सहलीला पंधरा मुले-मुली अधिक आल्या. परतताना सर्वांचा मिळून एक फोटो काढला. या अंकात तो इतरत्र छापला आहे.